भूत आधी कानावर येतं

नमस्कार मंडळी. रात्रीची वेळ आहे, जमलं तर दिवा जरा मंद करा, कारण आज भुताच्या सिनेमांबद्दल बोलायचंय आणि मला मनापासून वाटतं की चांगल्या सिनेमात भूत डोळ्यांना नंतर दिसतं, आधी कानावर येतं.

१९४९ चा 'महल' घ्या. ओसाड हवेली, रात्र, अशोक कुमार एकटा आणि कुठूनतरी गाणं येतंय, 'आयेगा आनेवाला'. संगीत खेमचंद प्रकाश यांचं आणि लताबाई तेव्हा जेमतेम वीस वर्षांच्या. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं, म्हणून त्या माईकपासून दूर उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी गात गात हळूहळू माईकपर्यंत चालत आल्या. बस, एवढंच केलं, आणि अजून काटा येतो अंगावर!

मग तो रिवाजच पडला. पांढरी साडी, मोकळे केस, धुकं आणि गाणारी बाई. 'बीस साल बाद', 'वो कौन थी', दोन्हीत आवाज लताबाईंचाच, आणि शेवटी भूत नसतंच, सगळं माणसांनीच केलेलं असतं.

रामसे बंधूंनी मात्र खराच राक्षस आणला, 'पुराना मंदिर' १९८४ चा. पण राक्षस पूर्ण दिसला की माझी तरी भीती ओसरते. २००३ ला राम गोपाल वर्मांनी 'भूत' मधून गाणी काढूनच टाकली, हवेली गेली आणि मुंबईतला उंच बिल्डिंगमधला फ्लॅट आला, रात्रीची रिकामी लिफ्ट आली.

आणि आपला मराठी 'लपाछपी', २०१७ चा, विशाल फुरियांचा! पूजा सावंत गरोदर, घर उसाच्या फडात, आणि भीती चक्क भर उन्हात. फडात शिरलेल्याला माहितीये, दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पाचट वाजलं तर वारा की माणूस ते कळत नाही आणि इथे तर पोरं खेळायला बोलावतायत. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं गावाकडे सांगायचे, सगळे तिलाच घाबरायचे, ती गेली कशी हे कोणी विचारायचं नाही. हा सिनेमा विचारतो, मुलगी नको म्हणून कोणी कोणाला मारलं ते, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो.

आता 'महल' चं ते गाणं लावतोय. पहिल्या ओळी नीट ऐका, ती चालत येतेय.