काळ्या सड्यावर पहिला पाऊस पडण्याआधी

मंडळी, मागच्या आठवड्यात डोंगर पेटला तेव्हा ओल्या डहाळ्या घेऊन रात्रभर जाळ झोडपणारी पोरं इथं समोरच बसली आहेत. काहींच्या हातावरचे फोड अजून बरे झालेले नाहीत. या पोरांनी मला बोलावताना विचारलं, "सर, आता वर झाडं कोणती लावायची?" आज जे काही बोलणार आहे ते या प्रश्नाचंच उत्तर आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, एकही झाड लावायचं नाही.

तुम्हाला हे लागेल, मला माहीत आहे. डोंगर काळा झाला की हात शिवशिवतात, काहीतरी करावंसं वाटतं. माझेही शिवशिवले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका जळालेल्या सड्यावर आम्ही दोनेकशे रोपं नेली. पहारीनं कातळ फोडून खड्डे घेतले, खालून माती वाहून आणली, शेणखत घातलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ सगळी रोपं वाळली. त्याचं दुःख आहेच, पण खरं दुःख पुढच्या श्रावणात कळलं. त्या कोपऱ्यात पाण्याची उथळ डबकी असायची आणि त्यांत वायतुरा फुलायचा. वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा असलेली ही वनस्पती. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण ती आपल्याच भागातल्या सड्यांवरची. खड्डे खणताना आम्ही डबक्याचा तळ फोडला होता. पाणी थांबेना आणि वायतुरा आला नाही. आगीनं न केलेलं नुकसान आमच्या श्रमदानानं केलं.

सडा म्हणजे काय हे नीट समजून घेऊ. खाली काळा बेसॉल्ट, वर जांभ्याचा कडक थर आणि त्याच्यावर कुठं बोटभर, कुठं वीतभर माती. साताऱ्याजवळचं कासचं पठार हा असाच सडा, सुमारे १२०० मीटर उंचीवरचा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते तिथं झाडं दाट आहेत म्हणून नव्हे. साडेआठशेच्या वर सपुष्प वनस्पती या इवल्याशा मातीत नांदतात, म्हणून. माती इतकी निकस, की दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती किडे पकडून नत्राची गरज भागवतात. अशा जमिनीवर खत टाकलं की धसमुसळं गवत माजतं आणि ही नाजूक मंडळी दबून जातात. सड्याचं दारिद्र्य हीच त्याची श्रीमंती आहे.

आता आगीत काय जातं आणि काय राहतं? मार्चमध्ये वणवा जातो तेव्हा चवर, वायतुरा, आमरी, कंदीलपुष्प ही सगळी कंदाच्या रूपानं जमिनीखाली झोपलेली असतात. गवताची आग झपाट्यानं पुढं सरकते, त्यामुळं कंद बहुतेक वाचतात. मरतात ते वरचे जीव: सरडे, किड्यांचे कोष, दगडावरचं शेवाळ, जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाची आणि टिटवीची अंडी. कडेच्या झाडीत अंजनीसारख्या पातळ सालीच्या झाडांना मोठा फटका बसतो.

आणि एक हळू होणारं नुकसान असतं, जे एका वर्षात दिसत नाही. तुम्ही कुसळीचं बी पाहिलंय? धोतराला रुततं तेच. त्याच्या लांब कुसळाला ओल लागली की ते पीळ उलगडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं, आणि असं गिरमिटासारखं फिरत फिरत बी मातीत उतरतं. वरून आग गेली तरी ते खाली सुरक्षित. पवन्या, मारवेल ही चांगल्या चाऱ्याची गवतं मात्र मागं पडतात. म्हणून दरवर्षी पेटणाऱ्या डोंगरावर कुसळी वाढत जाते. "जाळल्याशिवाय गवत चांगलं येत नाही" असं आपल्याकडं वाडवडिलांपासून म्हणतात. मी त्यांचा अनादर करत नाही. जाळल्यावर पहिल्या पावसात कोवळी हिरवळ लवकर दिसते हे खरंच आहे. पण नत्र धुरातून उडून गेलेलं असतं, आणि उरलेली राख जूनच्या पहिल्या झोडपणाऱ्या सरीत कोयनेच्या नाहीतर उरमोडीच्या पाण्यात जाते.

इंग्लंडात पेनाईन डोंगररांगेवर मूर नावाची उघडी माळरानं आहेत. मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूरला २०१८च्या जूनमध्ये वणवा लागला, तेव्हा सैनिक बोलवावे लागले होते. तिथली माती म्हणजे हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ. ती मातीच आतून धुमसते. आपल्याकडं तसं नाही. पण जळून उघडी पडलेली अशी माळरानं सावरताना तिथली माणसं ज्या क्रमानं कामाला लागतात, तो आपण शिकण्यासारखा आहे. ती आधी ओघळी अडवतात, उघड्या मातीवर तिथल्याच झुडपांच्या कापलेल्या फांद्या पसरतात, तागाची जाळी अंथरतात. माती थांबली, ओल थांबली, की मग त्या मातीचं मूळचं शेवाळ परत लावतात. झाडांचा विचार सगळ्यात शेवटी, आणि तोही सगळीकडं नाही.

आपल्यापुरतं बोलायचं तर सपाट सड्यावर यंदा फक्त चराईबंदी. गवत बी धरेपर्यंत, म्हणजे दिवाळी उलटेपर्यंत, गुरं दुसऱ्या अंगाला न्यायची. ज्यांची जनावरं जास्त आहेत त्यांना चारा कुठून देणार हे आजच ठरवा, नाहीतर बंदी कागदावरच राहील. जेसीबी वर चढवायचा नाही. पाणी अडवायला उताराला आडवे खणतात ते समतल चर उतारावरच्या खोल मातीत ठीक, जांभ्यावर नाही. आपले हात लागणार आहेत ते उतारावर. तिथल्या ओघळीत अनगड दगडांचे छोटे बांध घाला, गुडघ्याएवढेच, पण वरून खाली एकामागून एक. जळालेली कारवीची काटकं आडवी टाका. कडेची जळकी झाडं तोडू नका. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या बुंध्यातून पावसाळ्यात फुटवे येतील. नाहीच आले, तर दोन वर्षांनी त्याच झाडीतलं बी गोळा करून तिथंच लावू. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ नको.

पुढचा वणवा कसा टळेल? इथं मला जरा कठीण बोलायचंय. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर अख्खं गाव डोंगरावर गवत कापायला जायचं. घरोघरी गंज्या रचल्या जायच्या. फेब्रुवारीत ठिणगी पडली तरी तिला खायला फारसं काही नसायचं. आता निम्मं गाव मुंबईत आहे. गोठे रिकामे झाले, आणि गवत कमरेएवढं उभं वाळतंय. राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरलेला पालापाचोळा, भाजताना उडालेली एक ठिणगी, एक विडी, तेवढं पुरतं. आग पुढं सरकू नये म्हणून वनखातं गवत काढून मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढतं. उपग्रहावरून वणव्याचा संदेश मोबाईलवर येतो, तोही उपयोगाचा. पण संदेश येतो तेव्हा डोंगर पेटलेला असतो. गवताचं बी झडल्यावर, डिसेंबरात, पट्ट्यापट्ट्यानं कापणी करायची आणि ते गवत खालच्या दुधवाल्यांना विकायचं, एवढी एक व्यवस्था ग्रामसभेनं बसवली तर शंभर फायर वॉचरांचं काम होईल. राब भाजायचा तो पहाटे, दव असताना, शेजारी माणूस उभा करून.

आणि पोरांनो, तुम्हाला एक विनंती. विझवायला जाताना जाळाच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नका. चढावर आग माणसापेक्षा वेगानं पळते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दोघांनी वर जा. एक बाटली जळालेल्या अंगाच्या ओघळीतून भरा, दुसरी न जळालेल्या अंगाच्या ओघळीतून. शाळेत खिडकीत ठेवा, रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी बसलेली माती पट्टीनं मोजा आणि तारखेसह फळ्यावर लिहा. दर पंधरा दिवसांनी, सप्टेंबरपर्यंत. दिवाळी उलटली तरी, दोन्ही आकडे जवळ आलेले नसतील तर गुरं वर सोडू नका.