चुंगडीतला उजेड

(दृश्य : जूनचा पहिला आठवडा. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातलं कृषी केंद्र. शटर अर्धं वर, आत युरियाच्या थप्प्या.)

"काहो भाऊ, डीएपी आलं का नाई?"

"नाई ना काका. परवा पाहा."

"मंग का वीस-वीस घ्या लागते?"

मृग तोंडावर आला की यवतमाळपासून बुलढाण्यापर्यंत कुठल्याही कृषी केंद्रासमोर हेच बोलणं कानावर पडतं. डीएपी काय, वीस-वीस काय, दोन्ही खतंच; काकांना हवा आहे तो त्यांतला स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश. पाढ्यासारखे तिन्ही शब्द एका दमात म्हणायची आपल्याला सवय झाली, आणि मधल्या शब्दाकडे कधी नीट पाहिलंच नाही. संस्कृतात 'स्फुरत्' म्हणजे लखलखणारं. अंगात स्फुरण चढतं, तेही याच धातूवरून. मग खताच्या चुंगडीला हे नाव का?

(दृश्य : पहाटेचं आकाश. धुऱ्यावरच्या बाभळीमागे शुक्राची चांदणी.)

ही चांदणी उगवली की आपल्याकडे बैलांना वैरण टाकायची वेळ होते. ग्रीक लोक तिला म्हणत फॉस्फरस, उजेड घेऊन येणारा.

1669 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रांड नावाचा किमयागार सोनं शोधत होता. सोनं पिवळं, लघवी पिवळी, एवढ्या तर्कावर त्यानं पिंपंच्या पिंपं लघवी जमवली. ती आटवली, उरलेला गाळ भट्टीत लालबुंद होईस्तोवर तापवला आणि निघालेली वाफ पाण्यात धरली. सोनं काही हाती लागलं नाही. हाती आला मेणासारखा एक पांढरट गोळा, जो अंधारात हिरवट उजळत होता. (हसू नका. गोमूत्राची पिंपं आपल्याही गोठ्यात असतात, आणि जीवामृत करणाऱ्याला घरच्यांचं काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यालाच विचारा.) त्या गोळ्याला नाव मिळालं पहाटेच्या चांदणीचं, फॉस्फरस. आपला स्फुरद तो हाच. शोधकर्त्याचं नाव माहीत असलेलं हे पहिलं मूलद्रव्य.

पुढं शंभर वर्षं गेल्यावर स्वीडनमध्ये गान आणि शीले या रसायनशास्त्रज्ञांना कळलं, की हाच पदार्थ हाडांत भरलेला आहे. मग लघवीची गरज संपली.

(दृश्य : मे महिन्यातलं रिकामं वावर. भेगा पडलेली काळी जमीन.)

पांढरा फॉस्फरस पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. उघड्यावर तिशीच्या आसपास तापमान गेलं की तो आपोआप पेट घेतो, आणि 44 अंशांवर वितळतो. 44 अंश म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली साधी दुपार. वास लसणासारखा, आणि विष जहाल. एकोणिसाव्या शतकात आगपेट्यांच्या कारखान्यांत हाच वापरत. तिथल्या कामगारांचे जबडे अक्षरशः सडायचे. 1888 साली लंडनच्या आगकाड्या करणाऱ्या पोरींनी संप केला तेव्हा हेही दुखणं चव्हाट्यावर आलं. भारतात अशा आगकाड्यांवर 1913 साली कायद्यानं बंदी आली. आज चुलीजवळच्या आगपेटीत फॉस्फरस आहे, पण तांबडा, शांत स्वभावाचा. आणि तो काडीच्या टोकाला नाही, पेटीच्या कडेला असतो. काडी भलत्या ठिकाणी घासली तर पेटत नाही ती यामुळंच.

(दृश्य : डीएपीची चुंगडी जवळून. छापलेले आकडे : 18:46:0.)

आता हा मधला 46 चा आकडा, म्हणजे स्फुरदाचे शेकडा 46. तो निव्वळ फॉस्फरसचा नाही, ऑक्सिजनसकट धरलेला आहे. पन्नास किलोच्या चुंगडीत खरा फॉस्फरस जेमतेम दहा किलो. मोठ्या माणसाच्या अंगात सातशे ग्रॅमच्या आसपास असतो, बहुतेक हाडा-दातांत. म्हणजे एक चुंगडी वावरात टाकली, की चौदा माणसांच्या अंगातला फॉस्फरस टाकला.

येतो कुठून? नत्र हवेतून ओढता येतो, तुरीच्या मुळावरच्या गाठी तेच करतात. स्फुरद मात्र खडकातूनच काढावा लागतो. आपला खडक आहे उदयपूरजवळ झामरकोटड्याला, पण तो पुरत नाही. जगातला सर्वांत मोठा साठा मोरोक्कोत. खडक, आम्ल, तयार खत, बरंच काही बोटीनं येतं. दुकानदाराचं "परवा पाहा" तिकडच्या बंदरापर्यंत पोचतं.

आणि एवढं करून आणलेला स्फुरद आपली काळी जमीन गिळून बसते. इथल्या मातीत चुना जास्त, सामू (पीएच) आठच्या घरात. विरघळलेला स्फुरद दिसला की चुना त्याला धरतो, आणि त्याचा असा पदार्थ करतो जो मुळांना सहजी उचलता येत नाही. पहिल्या हंगामात पिकाला मिळतो टाकलेल्यातला पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. बाकीचा जमिनीतच, पण कुलूपबंद. वर आणखी एक खोड : युरिया पाण्यासोबत वाहतो, स्फुरद जागचा हलत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी झाल्यावर वरून डीएपी फेकणारे फेकतात, आणि ते वरच्या वरच राहतं. ज्याच्यासाठी उन्हात रांग लावली, ते असं उधळताना पाहिलं की जीव तुटतो.

(दृश्य : खुंटीला टांगलेला फवारणीचा पंप. निवेदन हळू.)

हाच फॉस्फरस मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांतही असतो. ती किडीच्या मज्जातंतूंचं काम बिघडवतात, माणसाच्याही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. पंप तेव्हाही असेच खुंटीला होते.

(दृश्य : निंबाची सावली. घमेल्यात सोयाबीनचं बियाणं.)

काकांना चार दिवसांनी डीएपी मिळालं. काकू बियाण्याला काळपट पूड चोळताहेत. हे पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. ते आम्ल सोडतात आणि चुन्यानं धरलेला स्फुरद थोडा थोडा सोडवतात. दहा किलो बियाण्याला पाव किलोचं एक पाकीट.

"लय रगडू नको वं, साल निघते," काका म्हणतात.

"मले शिकवता का?"

तिफणीला दोन चाडी बांधली आहेत. एकात बियाणं, एकात खत. एकत्र केलं तर डीएपीनं कोंब करपतो. खत पडतं बियाण्याच्या दोन बोटं खाली. मूळ आधी तिकडंच जाणार. बैल धुऱ्यावरून वळतात, काकू चाड्यावर मूठ धरतात.