झेडपीच्या सभागृहातल्या खुर्च्या

(दृश्य : नर्मदेचं फुगलेलं पाणी, सकाळचं धुकं. होडी काठाला लागते.)

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर कडेला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, महाराष्ट्र नर्मदेच्या पाण्याशी येऊन थांबतो. सरदार सरोवराचं पाणी इथवर चढलं आणि खालच्या वाटा बुडाल्या. काठावरच्या कितीतरी पाड्यांना आता होडी हीच एसटी.

होडीतून कोण उतरतंय ते पाहा. खांद्याला लसींचा डबा अडकवलेली सिस्टर. तिच्यामागे आरोग्यसेवक, हातात गोळ्यांचं खोकं आणि बाळांना झोळीत टांगून वजन करायचा काटा. वर चढ उभा आहे. दोघं न बोलता चालू लागतात.

ही सिस्टर झेडपीची. वर ज्या अंगणवाडीत ती बसणार आहे, तिचा कारभार पाहणारा महिला व बालकल्याण विभाग झेडपीचा. शेजारी पोरं पाढे म्हणतायत, ती शाळाही झेडपीची. घरात भिली किंवा पावरी बोलणारं पोर मराठीचं पहिलं अक्षर इथेच गिरवतं.

(दृश्य : तापीचा पूल, रावेरकडच्या केळीच्या बागा, गावरस्ता, जनावरांचा दवाखाना.)

खाली सपाटीवर या. गावाला जोडणारा हा रस्ता, बैलाला इंजेक्शन देणारा हा दवाखाना, शंभर हेक्टरपर्यंत पाणी देणारे पाझर तलाव आणि कोल्हापुरी बंधारे, सगळ्यांच्या फलकांवर तेच दोन शब्द : जिल्हा परिषद. खानदेशात अशा तीन आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार.

इंग्रजांच्या काळात १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पूर्व खानदेशचा जळगाव झाला, पश्चिम खानदेशचा धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि तिसरी परिषद उभी राहिली.

(दृश्य : जुन्या कागदांची पानं उलटतात.)

या परिषदेचा जन्म नीट समजून घ्यायला हवा. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, जून १९६० मध्ये, यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी देशपातळीवर बलवंतराय मेहता समितीने विकास गटाच्या पातळीला, म्हणजे आपल्या तालुक्याच्या पंचायत समितीला, महत्त्व दिलं होतं. नाईक समितीने वेगळी वाट धरली. खरी ताकद जिल्ह्याच्या हाती द्या, असं तिने सांगितलं. १९६१ चा कायदा त्यातून आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या.

एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आमदार-खासदारांना या सभागृहात सदस्य म्हणून जागा ठेवलेली नाही. गावातून निवडून आलेल्या माणसाने मोठ्या पुढाऱ्याच्या सावलीत न बसता स्वतः बोलावं, यासाठी ही केवढी मोठी सोय!

(दृश्य : भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा, बोट एका गटावर थांबतं.)

निवडणुकीसाठी जिल्ह्याचे गट पाडतात. एका गटातून एक झेडपी मेंबर. प्रत्येक गटाचे दोन गण, एका गणातून पंचायत समितीचा एक मेंबर. २०१७ च्या निवडणुकीला जळगावात ६७ गट होते, २०२० ला धुळ्यात ५६ आणि नंदुरबारमध्ये ५६. पंचायत समित्यांचे सभापती पदाने झेडपीत येऊन बसतात. जळगावचे तालुकेच पंधरा, त्यामुळे तिथलं सभागृह सर्वांत भरलेलं. २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या.

आता समजा, एखाद्या पाड्याला आरोग्य उपकेंद्र हवंय. ग्रामसभा ठराव करते. मेंबर तो आरोग्य समितीत मांडतो. समितीचा सभापती अधिकाऱ्याला विचारतो : जागा आहे का, अंदाजपत्रक कुठे अडलंय? पैशाची गोष्ट असेल तर विषय स्थायी समितीकडे, अध्यक्षांसमोर जातो. तिथेही नाही सुटला, तर सर्वसाधारण सभा. ती तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. तिथे मेंबर उभा राहतो आणि सगळ्यांसमोर सीईओंना उत्तर द्यावं लागतं. सीईओ म्हणजे परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी, सरकारने नेमलेला. पण सभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव केला, तर सरकारला त्याला माघारी बोलवावं लागतं.

(दृश्य : जुन्या सभेचं चित्रण. आवाज वाढतो.)

ऐका. भाषण प्रमाण मराठीत सुरू झालं होतं. बंद पडलेल्या पाणीयोजनेचा विषय निघाला आणि भाषा अहिराणीवर आली. मागच्या रांगेतली मेंबरबाई उठली आहे. हातातला कागद ती वाचत नाही, नुसता हलवते. समोरचा अधिकारी फाइलीत पान शोधतोय.

(दृश्य : तेच सभागृह, मुदत संपल्यानंतर. दिवे बंद. माइकवर प्लास्टिकच्या पिशव्या.)

जळगाव परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. धुळे आणि नंदुरबारची जानेवारी २०२५ मध्ये. मुदत संपली तेव्हा नवं सभागृह निवडलेलं नव्हतं, म्हणून प्रशासक आला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. धुळे-नंदुरबारने तर तो आधीच सोसला होता : जानेवारी २०२० ला निवडणूक झाली, मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ओबीसी जागांवरच्या मेंबरांची पदं गेली आणि ऑक्टोबरमध्ये त्या जागांसाठी पुन्हा मतदान.

प्रशासक म्हणजे काय, हे या दाराबाहेर उभं राहिलं की कळतं. सर्वसाधारण सभेचे अधिकार, स्थायी समितीचे अधिकार, विषय समित्यांचे अधिकार, सगळे एका माणसाकडे. तो माणूस बहुतेक वेळा सीईओच असतो. सीईओ म्हणून तो प्रस्ताव ठेवतो आणि प्रशासक म्हणून त्यावर मंजुरीची सही करतो. माणूस प्रामाणिक असेल, मेहनतीही असेल. पण मधे उभं राहून प्रश्न विचारणारं कोणी नाही.

केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला दहा टक्के वाटा झेडपीचा होता आणि दहा टक्के पंचायत समितीचा. तो निवडून आलेल्या संस्थेसाठी होता, त्यामुळे तोही अडकला.

(दृश्य : आवक-जावक टेबल. दुपार.)

ही बाई सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आली आहे. पहाटे निघाली. पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला ग्रामसभेचा ठराव आहे : उपकेंद्र हवं. लिपिक तो घेतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो. तिच्या प्रतीवरही शिक्का मिळतो.

ती विचारते, आमच्या गटाचा मेंबर कुठे भेटेल?

लिपिक वर बघतो. सध्या मेंबर नाहीत, मावशी.

ती प्रत नीट घडी करून पिशवीत ठेवते. जिना उतरताना बंद सभागृहाच्या दारापाशी तिचा पाय जरा थांबतो. साडेतीनची एसटी गाठायची आहे.

(दृश्य : बसस्थानक. खिडकीतली सीट. पिशवी मांडीवर. गाडी निघते.)