दोन हजार तांब्याची नाणी

नमस्कार मंडळी, मागे आवाज येतोय ना? बरं.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण बसून अर्धा तास एकाच गोष्टीवर डोकं लावत होते, की ही पेटी उचलायची का इथेच सोडायची. पेटीत दोन हजार तांब्याची नाणी. पेटी खरी नाही, नाणी खरी नाहीत, ज्या भुयारात आम्ही होतो ते मी ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढलेलं, आणि तरी माझी भाची खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती आणि समोरचा चहा गार झाला होता. हे का होतं, ते मला आज सांगायचंय.

मुलांना माहीत आहे, मोठ्यांसाठी थोडक्यात सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून निघाला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे जग तो सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि तोंडाने सांगतात की मी आता हे करतो, आणि जिथे नक्की नसतं तिथे फासे. आता याच्या खूप सोप्या आवृत्त्या निघाल्यात, चार पानांत नियम संपतात. आम्ही खेळतो ती १९८१ ची, आणि वजन, मशाल, वेळ यांचे जे नियम बरेच लोक कंटाळून बंद करतात ते सगळे चालू ठेवून.

तर ती पेटी. या खेळात एका नाण्याचं वजन पौंडाच्या दहाव्या भागाइतकं धरलंय, म्हणजे दोन हजार नाणी दोनशे पौंड, जवळजवळ नव्वद किलो. आणि किंमत? शंभर तांब्याची मिळून एक सोन्याचं, म्हणजे अख्ख्या पेटीचे सोन्याचे फक्त वीस. पाच जणांत वाटली तर प्रत्येकी चारशे. आमच्यातला जो चिलखतवाला आहे त्याचं चिलखतच पाचशे नाण्यांच्या वजनाचं, शस्त्र आणि सामान धरून तो सहाशे चाळीसवर, त्यामुळे तो दहा मिनिटांत साठ फूट चालतो. दहा मिनिटांचा एक टर्न. अजून चारशे घातली की तो तीस फुटांवर येतो, आणि सगळ्यांना त्याच्याच चालीने चालावं लागतं कारण त्याला अंधारात एकटं कोण सोडणार.

बाहेरचं दार चारशे ऐंशी फुटांवर. नाणी सोडली तर आठ टर्न, घेतली तर सोळा. (दम खायचे टर्न आत्ता हिशोबात धरत नाही.) एक मशाल सहा टर्न जळते आणि आमच्याकडे दोन उरलेल्या, म्हणजे नाणी घेतली तर शेवटचे चार टर्न काळोखात. शिवाय दर दोन टर्नला मी सहा बाजूंचा एक फासा टाकतो, एक पडला तर भटकं काहीतरी समोर येतं. आठ टर्नमध्ये असं काही भेटायची शक्यता निम्म्याहून जरा जास्त, सोळामध्ये चारातून तीन वेळा. हे सगळं भाचीनेच वहीच्या मागच्या पानावर काढलं, अकरावीत आहे ती, आणि मी तिला एका शब्दानेही मदत केली नाही.

मी घाबरवलं नव्हतं हो कुणाला. मी "भयाण काळोख पसरला होता" वगैरे काहीही बोललो नाही, मशाली दोन आहेत एवढंच सांगितलं, आणि भीती त्या आकड्यांतून आली.

शेवटी तिनेच तोड काढली. म्हणाली पेटी राहू दे, फक्त शंभर नाणी एका पिशवीत घेऊ, माझ्याकडे द्या, मी हलकी आहे. पाचव्या टर्नला गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, मागे लागले, आठ-दहा असतील, आणि ही पळता पळता म्हणाली, मी पिशवी उलटी करते. आता नियम असा की पाठलाग करणाऱ्यांना पैशाचा लोभ असेल आणि पैसे टाकले तर सहा बाजूंच्या फाशावर एक ते तीन पडल्यास ते थांबतात. पडले दोन. मागे दगडी फरशीवर तांब्याची नाणी खळखळली आणि गॉब्लिन खाली बसून वेचायला लागले, एकमेकांना ढकलत, आणि आमचे पाच जण दाराबाहेर.

हा नियम माझ्या डोक्यातून निघालेला नाही, तिच्या जन्माच्या कितीतरी आधी पुस्तकात छापलेला आहे, आणि तिने तो वाचून लक्षात ठेवला होता. म्हणून ती सुटका तिची आहे, मी दिलेली नाही. मी याच्या उलटही खेळलोय. एका ठिकाणी मास्टर फार मनमिळाऊ होते, नियम जवळजवळ नाहीतच, आम्ही अडकलो की ते काहीतरी सुचवून सोडवायचे, सहा महिने कुणीही मेलं नाही. आणि सहा महिन्यांतला एकही प्रसंग मला आज सांगता येणार नाही.

एक मित्र म्हणतात, भिया, खेळून राहिलात का इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून राहिलात, इतके कागद कशाला, मास्टर समजूतदार असला की झालं. हा वाद या खेळाहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये रायसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ बसवला, क्रीगश्पील, त्यात फासे, तक्ते, पंच सगळं होतं. तो इतका किचकट वाटायला लागला की १८७६ साली व्हर्डी द्यू व्हर्न्वा नावाच्या सेनापतीने सांगितलं, तक्ते काढून टाका, पंचाने अनुभवावरून ठरवावं. त्यांचं बरोबरच होतं, कारण पंच म्हणून बसणाऱ्यांनी स्वतः लढाया पाहिलेल्या होत्या. पण आपलं काय? इंदूरच्या फ्लॅटमध्ये राहणारा मी, मशाल घेऊन भुयारात कधी उतरलोय? चिलखत घालून माणूस किती दमतो हे मला काय माहीत? माझा अनुभव शून्य, म्हणून मला तक्ता लागतो, नाहीतर मी मनाला येईल ते ठरवणार आणि समोरची मुलं माझा मूड ओळखून खेळायला लागणार.

माझ्या आजीला हे पक्कं कळत होतं. राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या वाड्यात ती दुपारी फरशीवर खडूने पंचवीस घरं आखून आमच्याशी अष्टाचंगा खेळायची, कवड्या टाकून. त्यात दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही. मी सहा वर्षांचा, रडायचो, म्हणायचो एकदा जाऊ दे ना गं. ती डोळे पुसायची, लाडू द्यायची, पण सोंगटी आत नाही म्हणजे नाही. ज्या दिवशी मी तिची सोंगटी मारून आत गेलो त्या दिवशी वाडाभर पळत सुटलो होतो, आणि सगळ्यात जास्त खूश ती.

सगळेच जुने नियम चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत कोणतं शस्त्र कोणत्या चिलखतावर किती चालतं याचा मोठा तक्ता आहे, आम्ही दोन रविवार वापरला आणि सोडला. अॅडव्हान्स्डमधले कुस्तीचे नियम तर वाचतानाच दम लागतो. रोलमास्टर म्हणून एक खेळ आहे, त्यात प्रत्येक शस्त्राला वेगळा तक्ता आणि चिलखताचे वीस प्रकार, एक मारामारी अख्खी संध्याकाळ खाते. मला ते सुद्धा आवडतं पण महिन्यातून एकदा. आणि गायगॅक्स पूर्वी विम्याच्या धंद्यात अंडररायटर होते, ते १९७९ च्या मास्टरांच्या पुस्तकात जागोजागी जाणवतं, दोन वेगळ्या जादूच्या औषधांची मिसळ झाली तर काय होईल याचाही तक्ता त्या माणसाने करून ठेवलाय. असल्या तक्त्याची वर्षातून एकदा गरज पडते, पण त्या दिवशी टेबलावर जो आरडाओरडा होतो ना!

पात्रं बनवायची पद्धतही तशीच, ताकद, बुद्धी असे सहा गुण, त्यासाठी तीन फासे सहा वेळा, पडेल ते क्रमाने लिहायचं. अठरा पडायची शक्यता दोनशे सोळात एक. भाचीच्या पात्राची ताकद पाच पडली, दुसरं बनवू का विचारलं तर नको म्हणाली. ताकद पाच म्हणूनच ती लढायच्या ऐवजी नियम वाचत बसली, आणि पिशवीची युक्ती तिथून आली.

बाकीची एकोणीसशे नाणी अजून तिथेच आहेत, नकाशावर मी खूण करून ठेवलीय. पुस्तकाप्रमाणे खेचर दोन हजार नाण्यांचं वजन चाल कमी न करता वाहून नेतं, आणि खेचराची किंमत सोन्याची तीस, पेटीतला माल आता एकोणीसचा. चिलखतवाला म्हणतो हा सरळ तोट्याचा सौदा, भाची म्हणते खेचर काय एकदाच वापरणार आहोत का. तीन रविवार झाले, अजून ठरलेलं नाही. कुणाला मध्ये पडायचं असेल तर येत्या रविवारी दोन वाजता या, फासे माझ्याकडे जास्तीचे आहेत.