कलेक्टरचा आरडर आला जी

मार्च २०२०, कोविडचे दिवस. यवतमाळकडचं कोणतंही कापसाचं गाव घ्या. पुढच्या खोलीत कापूस पार आढ्याला टेकलेला, घरातली माणसं ओसरीत झोपताहेत, पोरांच्या अंगाला खाज सुटलीय, आणि खरेदी बंद. कोणी बंद केली म्हणून विचारलं तर गावात एकच उत्तर, "कलेक्टरचा आरडर आला जी."

बरं, कलेक्टरकडे एवढी पावर आली कुठून?

तर १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईत केलेला, मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. त्यातलं खरं कलम दुसरं. नेहमीचे कायदे पुरत नाहीत असं राज्य सरकारला वाटलं की तात्पुरते नियम काढायचे, राबवायचा अधिकार कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याला द्यायचा, लोकांनी पाळायचे, बस. किती दिवस, कुठपर्यंत, विधानसभेला विचारायचं का, काहीच लिहिलेलं नाही. नियम मोडला तर तेव्हा भादंवि १८८ (म्हणजे भारतीय दंड विधानातलं, सरकारी हुकूम मोडल्याचं कलम), आणि ज्या अधिकाऱ्याने चांगल्या हेतूने काम केलं त्याच्यावर दावा नाही.

१३ मार्चला महाराष्ट्राने हा कायदा लावला, पहिल्या यादीतच मुंबई-पुण्यासोबत आपलं नागपूर. २३ तारखेपासून राज्यभर संचारबंदी, जिल्ह्याच्या सीमा बंद. वरून केंद्राचा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्यातही जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टरच. म्हणजे एकाच खुर्चीत दोन कायदे. गावात मात्र हे सगळं पोहोचलं ते पोलीस पाटलाच्या फोनवर आलेल्या फॉरवर्डमधून, आणि मग लोकांनी शिवेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, पुण्याहून चालत आलेल्या पोराला शाळेत चौदा दिवस ठेवलं. शाळेचं समजू शकतो, पण काट्या टाका असं कोणत्या आरडरमध्ये होतं? कुठेच नाही.

पण सगळंच वाईट होतं असंही नाही ना बाप्पा. २१ मे २०२० ला सरकारने खाजगी दवाखान्यांतले ८० टक्के बेड ताब्यात घेतले आणि रेट बांधून दिले, साधा वॉर्ड दिवसाला ४००० रुपये, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर असला तर ९०००. ज्याला पेशंट घेऊन गाडी करून नागपूर गाठावं लागतं त्याच्यासाठी ही पावर लय मोठी होती. नागपूरचे दवाखानेवाले कोर्टात गेले, आणि ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की कोविड नसलेल्या पेशंटचे रेट सरकारला असे ठरवता येणार नाहीत. कायद्यात हद्द लिहिलेली नव्हती, ती कोर्टाने आखली, पण त्यासाठी कोर्टात जायला वकील लागतो, पैसा लागतो. कापूसवाला कुठून जाणार?

फेब्रुवारी २०२१ मध्ये परत तेच. बाकी महाराष्ट्र बऱ्यापैकी सुरू आणि अमरावती-अचलपूर बंद.

आता एक गोष्ट बघा. त्याच दुसऱ्या कलमात खर्चाचं लिहिलंय, तो कोणी आणि कसा करायचा हे सरकार ठरवेल, आणि तिथेच भरपाईचाही उल्लेख आहे, "असल्यास" म्हणून. म्हणजे द्यायलाच पाहिजे असं नाही. २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्याला कडक शिक्षा आली, ते बरोबरच केलं. "असल्यास" तसंच राहिलं.