रेडिएशन चालू असताना पडून राहू नका

श्रोतेहो, नमस्कार.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिच्या कॅन्सरसाठी रेडिएशन सुरू झालं की घरातला प्रत्येक जण पेशंटला सांगतो, "आता दगदग करू नका, स्वस्थ पडून राहा." सांगण्यात माया असते. पण बहुतेक पेशंटना या सल्ल्याचा उपयोग होत नाही, उलट त्रासच होतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

रेडिएशन घेताना दुखत नाही. टेबलावर काही मिनिटं न हलता पडून राहायचं, एवढंच. थकवा येतो तो नंतर. पहिले काही दिवस माणूस ठणठणीत असतो, मग हळूहळू गळून गेल्यासारखं वाटायला लागतं. उपचार संपत येतात तेव्हा थकवा सगळ्यात जास्त असतो आणि पुढेही काही आठवडे रेंगाळतो. त्यात मूत्राशयाला सूज आल्यामुळे रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठावं लागतं, झोप मोडते. हा थकवा नुसत्या विश्रांतीने उतरत नाही. दिवसभर पडून राहिलं की पायांचे स्नायू बारीक होत जातात, मग जिना चढताना धाप लागते, आणि धाप लागते म्हणून माणूस आणखी पडून राहतो.

हे नुसतं मत नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोस्टेटसाठी रेडिएशन घेणाऱ्या 66 पुरुषांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला सांगितलं, थकवा आला तर आराम करा. दुसऱ्याला सांगितलं, आठवड्यातून किमान तीनदा अर्धा तास चाला. उपचार संपताना आराम करणाऱ्यांचा थकवा चांगलाच वाढलेला होता, चालणाऱ्यांचा फारसा वाढला नव्हता. पुढे 2009 मध्ये कॅनडातला 121 पुरुषांचा अभ्यास आला. त्यात चालण्यासारख्या व्यायामाचाही फायदा दिसला आणि वजनांच्या व्यायामाचाही, पण वजनांच्या व्यायामाचा फायदा जास्त काळ टिकला.

ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनेकांना रेडिएशनसोबत हार्मोनची इंजेक्शनं असतात, काहींना सहा महिने, काहींना दोन-तीन वर्षं. त्या इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, खाली जातं. कॅन्सरला आवर बसतो, पण स्नायू कमी होतात, पोटावर चरबी चढते, हाडं ठिसूळ होतात. अशा माणसाला नुसतं चालणं पुरत नाही, ताकदीचा व्यायाम लागतोच.

जिमला जायलाच हवं असं नाही. एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्या कडेशी बसा, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घ्या, थोडं पुढे झुका आणि श्वास सोडत उभे राहा. श्वास रोखून धरू नका. बसताना धपकन बसू नका, सावकाश खाली या. मांडीचे स्नायू तेव्हाही चांगलं काम करतात. असं आठ-दहा वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा एकदा करा. हात न टेकता जमत नसेल तर सुरुवातीला हात टेकून करा. जोडीला भिंतीवर हात ठेवून दंड काढा आणि खुर्चीची पाठ धरून टाचा उचला. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एखादा दिवस सोडून.

चालायचं किती वेगाने? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. लघवीची किंवा संडासची घाई होईल या भीतीने बरेच जण घराबाहेरच पडत नाहीत, आणि संकोचामुळे हे कुणाला सांगतही नाहीत. अशांनी लांब जाऊ नये, संडास जवळ असेल अशा जागी छोट्या फेऱ्या माराव्यात. भीतीपोटी पाणी कमी करू नका. रेडिएशनच्या वेळी बहुतेक ठिकाणी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून व्यायाम शक्यतो रेडिएशन झाल्यावर करा. सायकलच्या सीटचा दाब नेमका दुखऱ्या भागावर येतो, तेव्हा या काळात चालणंच बरं.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या हाडांत कॅन्सर पसरला आहे का? पसरला असेल तर व्यायाम बंद होत नाही, पण वजन किती उचलायचं, कमरेतून वळायचं की नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावं लागतं. हृदयविकार असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर तेही आधी सांगा.

एखाद्या दिवशी अगदीच अंग टाकून द्यावंसं वाटेल. त्या दिवशी दहाच मिनिटं चाला. तेही नको वाटलं तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. पण ताप आला, छातीत दुखलं, लघवी अडली, लघवीतून रक्त आलं, पाठीत नव्याने कळ यायला लागली किंवा पायातली ताकद गेल्यासारखं वाटलं, तर व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.

नमस्कार.