बर्फ विकणारे शहर : बॉस्टनचा हिवाळा

जानेवारीतल्या सकाळी बॉस्टन मेट्रोच्या रेड लाइनची गाडी नदीपलीकडच्या केम्ब्रिज शहरातले केंडल स्थानक सोडून बोगद्याबाहेर येते आणि लाँगफेलो पुलावर चढते, तेव्हा उजव्या हाताला चार्ल्स नदीचे विस्तीर्ण पात्र दिसते. मात्र त्यात पाणी कुठेच दिसत नाही. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पांढरे, किंचित निळसर पठार पसरलेले असते आणि पलीकडे बॉस्टनच्या उंच इमारती उभ्या असतात. इथे पूर्वी समुद्राच्या भरती-ओहोटीचे खारे पाणी आत-बाहेर करत असे. १९१० साली नदीच्या मुखाशी धरण पुरे झाले, पात्रातले पाणी गोडे झाले आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा लवकर गोठत असल्याने हिवाळ्यातले हे दृश्य अधिक सहजपणे दिसू लागले.

नकाशावर बॉस्टन साधारण रोमच्या अक्षांशावर आहे. तरीही जानेवारीत इथले दिवसाचे कमाल तापमान सरासरी दोन-तीन अंश सेल्सियसच्या वर जात नाही आणि रात्रीचे उणे पाचच्या आसपास असते, कारण इथली हवा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, गोठलेल्या विशाल भूखंडावरून येते. पूर्वेला अटलांटिक असूनही त्याची ऊब शहराच्या वाट्याला फारशी येत नाही. समुद्र आपले अस्तित्व दाखवतो तो वादळाच्या रूपाने. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ईशान्येकडून समुद्रावरची ओलसर हवा जमिनीकडे वाहू लागते, तिची गाठ उत्तरेच्या थंड हवेशी पडते आणि हिमवृष्टी सुरू होते. वाऱ्याच्या दिशेवरून या वादळांना इथले लोक ‘नॉरईस्टर’ म्हणतात. तापमानातल्या एखाद्या अंशाच्या फरकाने बंदराजवळ नुसता गारठलेला पाऊस पडतो आणि थोडे आत, उपनगरांत, गुडघाभर हिम साचते.

डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. असे असताना या दिवसांत बॉस्टनला का जावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रके ऑक्टोबरातल्या लाल-पिवळ्या पानांची शिफारस करतात, आणि ती पाने सुंदर असतात हे खरेच. परंतु या शहराने आपल्या थंडीला कसे कामाला लावले, हे पाहायचे असेल तर पाने गळून गेल्यावरच यायला हवे.

त्यासाठी आपण उलट दिशेला, हार्वर्ड चौकाच्याही पुढे जाणार आहोत. वाटेवरच्या या विद्यापीठाशी मराठी वाचकाचे जुने नाते आहे. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली पाली भाषेतल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी इथे आले. १९१८ मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्यासोबत मुलगा दामोदर होता, जो केम्ब्रिजमधल्या शाळेत शिकून १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढे भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणाऱ्या या गणितज्ञाचे घडते वय याच हिवाळ्यांत गेले.

चौकापासून दोन-तीन किलोमीटरवर फ्रेश पाँड आहे. शेवटच्या हिमयुगात मागे राहिलेला हिमनदीचा एक प्रचंड तुकडा वितळून जो खड्डा उरला, त्याचे हे तळे. आज ते केम्ब्रिजच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे आणि त्याच्याभोवतीच्या साडेतीन किलोमीटरच्या पायवाटेवर भर थंडीतही लोक कुत्र्यांना घेऊन फिरतात. मात्र एकोणिसाव्या शतकात याच दिवसांत हे तळे एखाद्या कारखान्यासारखे गजबजलेले असे.

फ्रेडरिक ट्यूडर हा बॉस्टनचा एक सुखवस्तू तरुण. इथल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात फुकट तयार होणारे बर्फ उष्ण देशांत विकावे, असे त्याच्या मनाने घेतले आणि १८०६ साली त्याने बर्फाने भरलेले जहाज कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडे रवाना केले. शहराने त्याला हसून घेतले. पहिल्या काही वर्षांत त्याला खोट बसली, कर्ज झाले आणि कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला. तरीही त्याने हेका सोडला नाही. हा माणूस दूरदर्शी होता की केवळ हट्टी, हे ठरवणे अवघड आहे. त्याचा जम बसला नसता तर आपण त्याला नि:संकोच दुसरे विशेषण लावले असते.

धंदा उभा राहिला तो दोन साध्या गोष्टींवर. पहिली गोष्ट म्हणजे कापणी. फ्रेश पाँडच्या काठी वाढलेल्या नॅथॅनियल वायेथने १८२०च्या दशकात घोड्याने ओढायचा, करवतीसारखे दाते असलेला नांगर तयार केला. आधी तळ्यावर साचलेले हिम खरवडून काढायचे, मग या नांगराने उभ्या-आडव्या चरांची चौकट आखायची आणि पहारीने एकसारख्या लाद्या सुट्या करायच्या, अशी पद्धत बसली. लाद्या सारख्या आकाराच्या असल्यामुळे त्या एकमेकींना चिकटून रचता येत आणि मध्ये हवेला वाव कमी राहिल्याने त्या कमी वितळत. दुसरी गोष्ट म्हणजे लाकडाचा भुसा. मेन प्रांतातल्या लाकूड गिरण्यांमध्ये तो निरुपयोगी म्हणून पडून असे. ट्यूडरने तो लाद्यांभोवती उष्णतारोधक म्हणून भरला. वाहतूकही त्याला स्वस्त पडली, कारण पूर्वेकडे माल आणायला निघालेली बॉस्टनची जहाजे जाताना बरीचशी रिकामी असत आणि तोल राहावा म्हणून त्यांना एरवी दगडगोटे भरून न्यावे लागत.

१८३३च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले, आफ्रिकेला वळसा घालताना दोनदा विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्याला पोचले आणि त्या वेळी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होते. पुढच्याच वर्षी मुंबईनेही अमेरिकेचे बर्फ पाहिले. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले, यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने त्यावर टोमणा मारला, ही हकिकत मुंबईच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तिन्ही शहरांत बर्फ साठवण्यासाठी इमारती उभ्या राहिल्या. मुंबईच्या फोर्ट भागातली आज उरलेली नाही. मद्रासची मात्र उभी आहे आणि १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तिथेच होता. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर, १८७०च्या दशकाच्या अखेरीस, भारताशी चाललेला हा व्यापार संपुष्टात आला. बर्फाची आवड मात्र बॉस्टनकरांना अजून आहे, कारण उणे दहा अंशांतही हातमोजे घालून थंड कॉफीचा पेला नेणारी माणसे इथे रस्तोरस्ती दिसतात.

आता शहराच्या मध्यभागाच्या दक्षिणेकडे येऊ. ही साउथ बॉस्टनमधली डॉर्चेस्टर हाइट्सची टेकडी आणि तिच्यावरचा पांढऱ्या संगमरवराचा मनोरा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७५च्या हिवाळ्यात, बॉस्टन ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होते आणि बाहेरून वेढा घालून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनकडे पुरेशा तोफा नव्हत्या. हेन्री नॉक्स या पंचवीस वर्षांच्या पुस्तकविक्रेत्याने न्यूयॉर्क प्रांतातल्या टिकॉन्डरोगा किल्ल्यावरून सुमारे ६० टन वजनाच्या तोफा आणण्याचे काम पत्करले. उन्हाळ्यात त्या चिखलवाटांनी हे ओझे हलले नसते. बैलाघोड्यांना स्लेज म्हणजे घसरगाड्या ओढण्यासाठी साचलेले हिम हाच रस्ता होता, आणि थंडी मध्येच ओसरली तेव्हा नॉक्सला खोळंबून राहावे लागले. हडसन नदीवरचा थर पातळ वाटला तिथे त्याने भोके पाडून आतले पाणी वर येऊ दिले, म्हणजे ते गोठून थर जाड होई. तरीही एक तोफ बर्फ फोडून नदीत गेलीच आणि ती बाहेर काढावी लागली. ४ मार्च १७७६च्या रात्री तोफा या टेकडीवर चढल्या. जमीन गोठून दगड झाल्याने खंदक खणणे अशक्य होते, म्हणून लाकडी चौकटींत काटक्यांचे भारे भरून तटबंदी उभारली गेली. सकाळी ब्रिटिशांनी ती पाहिली आणि १७ मार्चला शहर सोडले.

याच टेकडीखालच्या अरुंद गल्ल्यांत हिमवृष्टीनंतर एक वेगळी तटबंदी दिसते. फावड्याने तासभर खपून ज्याने रस्त्याकडेची जागा मोकळी केली, तो कामावर जाताना तिथे मोडकी खुर्ची, इस्त्रीचे टेबल किंवा कचऱ्याचा डबा ठेवून जातो आणि त्या जागेत दुसऱ्याने गाडी लावणे हा मोठा अपराध समजला जातो. हिमवृष्टीसाठी जाहीर केलेली आणीबाणी उठल्यानंतर ४८ तासांपर्यंत महापालिका या खुर्च्या चालवून घेते. घरासमोरच्या पदपथाबाबत मात्र ती कडक आहे, कारण हिम थांबल्यापासून तीन तासांत तो साफ करणे घरमालकावर बंधनकारक आहे. पाहुण्याने एवढे लक्षात ठेवावे की खरा धोका हिमाचा नसून वितळून पुन्हा गोठलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ थराचा असतो; जाड कोटापेक्षा पकड असलेले, पाणी न शिरणारे बूट अधिक उपयोगी पडतात.

अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग १८९७ साली याच शहरात, ट्रेमॉन्ट रस्त्याखाली सुरू झाला. त्याचे मुख्य कारण ट्रामगाड्यांची कोंडी हे होते, पण १८८८च्या हिमवादळाने ईशान्येकडच्या शहरांचे व्यवहार ठप्प केले, तेव्हा गाड्या जमिनीखालून नेण्याच्या कल्पनेला बळ मिळाले. तरीही २०१५च्या फेब्रुवारीत रेल्वेने हात टेकले. त्या हंगामात बॉस्टनवर सुमारे २८० सेंटिमीटर हिम पडले, जो आजवरचा उच्चांक आहे, आणि उघड्यावरून धावणाऱ्या मार्गांवरच्या जुन्या गाड्या बंद पडत गेल्या. रस्त्यांवरून उपसलेले हिम सीपोर्ट भागातल्या मोकळ्या जागेत रचले गेले, त्याचा कित्येक मजली डोंगर झाला आणि तो केव्हा नाहीसा होईल याचा अंदाज बांधण्याची स्पर्धा महापौरांनी जाहीर केली. एप्रिल गेला, मे गेला, जून गेला. हिमाबरोबर आलेला शहराचा कचरा वितळणाऱ्या ढिगावर थर धरून बसला होता आणि ट्यूडरच्या भुशाने जे काम केले तेच तो करत होता. ढीग संपल्याचे महापौरांनी जाहीर केले तो दिवस होता १४ जुलै.